ग्रेंजगॉर्मन : एका इस्पितळाची दोन शतके

मुंबई-ठाण्यास वाढलेल्या आमच्या वाचकांस ‘याला ठाण्याला पाठवा’ ही थट्टा चांगलीच परिचयाची आहे. मनोरुग्णालयास गावाचे नाव चिकटले, की आत राहणारी माणसे विस्मरणात जातात. आयर्लंडची राजधानी डब्लिन येथील ग्रेंजगॉर्मन या भागाच्या वाट्यास हेच आले. तेथील वास्तूचा इतिहास थोडक्यात सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी डब्लिनमधील निराधार मनोरुग्णांस दरिद्री लोकांच्या सरकारी आश्रयगृहातील कोठड्यांत ठेवीत असत. त्यांच्यासाठी 1815 च्या सुमारास ‘रिचमंड असायलम’ हे स्वतंत्र इस्पितळ उघडले. त्याचा आराखडा फ्रान्सिस जॉन्स्टन यांचा; डब्लिनचे सुप्रसिद्ध मुख्य टपाल कार्यालयही त्यांचेच. साखळदंडाऐवजी सौम्य वागणूक, नियमित दिनक्रम आणि हातास काम यांच्या योगाने रुग्णाचे मन सावरावे, हा संस्थापकांचा उदात्त हेतू होता.

मग तो ढळला कसा? 1838 च्या कायद्यान्वये ‘धोकादायक’ ठरलेल्या मनुष्यास दोन मॅजिस्ट्रेटांच्या हुकमाने कोंडता येऊ लागले. आत जाणे सोपे, सुटणे मात्र कठीण. कारण घरी नेण्यास कोणी आप्त असावा लागे. इकडे 1845 च्या बटाट्याच्या रोगाने भीषण दुष्काळ पडला आणि लक्षावधी आयरिश लोक अमेरिकेस व इंग्लंडास गेले. तरुण व धडधाकट गेले. कित्येक दुर्बळ मागे उरले. इस्पितळे का फुगली, याचे हे एक कारण इतिहासकार सांगतात.

गर्दीचे परिणाम लवकरच दिसले. 1894 पासून काही वर्षे येथे बेरीबेरीची साथ पुनःपुन्हा उद्भवली. भात खाणाऱ्या पूर्वेकडील देशांचा हा रोग डब्लिनमध्ये कसा, हे कोडे त्या वेळचे प्रमुख डॉक्टर कॉनोली नॉर्मन यांस पडले. जीवनसत्त्वांचा शोध तोवर लागावयाचा होता. निकृष्ट आहारातील ‘ब-1’ जीवनसत्त्वाच्या अभावाने हा रोग होतो, हे आज आपण जाणतो. कोकणातील हातसडीच्या तांदळात ते टिकून राही. गिरणीच्या पांढऱ्याशुभ्र तांदळातून ते निघून जाते.

1958 साली इस्पितळास ‘सेंट ब्रेंडन्स’ हे नाव मिळाले. त्या सुमारास तीस लाखांहूनही कमी वस्तीच्या या देशातील मनोरुग्णालयांत सुमारे 20,000 माणसे होती. 1966 च्या सरकारी चौकशी अहवालाने हे प्रमाण बहुधा जगात सर्वाधिक असल्याचे नमूद केले आणि उपचार शक्यतो समाजात राहूनच व्हावेत, असा आग्रह धरला. त्यानंतर रुग्णसंख्या घटत गेली. 2013 मध्ये उरलेले रुग्ण शेजारच्या नव्या केंद्रात गेले. आज त्या आवारात डब्लिनचे तंत्रविद्यापीठ आहे. काही जुन्या इमारती दुरुस्त करून तेथे वापरल्या जात आहेत.

विद्येचे मंदिर उभे राहिले, याचा आम्हां शिक्षकांस आनंदच आहे. तथापि आपणही देशांतर केलेले लोक आहोत. दगडी भिंतींनी कोणास एकाकी केले नाही. न्यावयास कोणी आले नाही, म्हणून ती माणसे एकाकी झाली. आपल्या कुटुंबातील वृद्ध, आजारी वा मनाने खचलेले कोणी दूर राहिले असेल, तर त्याची विचारपूस करणारे पत्र आजच धाडावे, अशी आमची वाचकांस विनंती आहे.