‘कॉन’ नावाचं फोल्डर का बनत नाही?

मंडळी, तो जुना फॉरवर्ड आठवतोय? “विंडोजमध्ये सी-ओ-एन, म्हणजे ‘कॉन’ नावाचं फोल्डर बनवून दाखवा. खुद्द बिल गेट्सलाही कारण माहीत नाही!” करून बघा, फोल्डर खरंच बनत नाही. पण यात गूढ काही नाही. इतिहास आहे, आणि तो आपल्या कामाचा आहे.

१९७० च्या दशकात गॅरी किल्डॉल यांनी सीपी/एम ही ऑपरेटिंग सिस्टीम लिहिली. तिच्यात यंत्राच्या भागांना छोटी राखीव नावं होती. १९८१ मध्ये आयबीएमच्या पीसीबरोबर आलेल्या डॉसने हीच पद्धत उचलली. कॉन म्हणजे कन्सोल, अर्थात कीबोर्ड आणि स्क्रीन. पीआरएन म्हणजे प्रिंटर. फाइल पीआरएनवर कॉपी केली की ती कागदावर छापून यायची. डॉसच्या क्लासला गेलेल्यांना ‘कॉपी कॉन’ ही कमांड आठवत असेल. तोच हा कॉन.

तेव्हा डॉसमध्ये फोल्डर हा प्रकारच नव्हता. १९८३ मध्ये डॉस २.० बरोबर फोल्डर आले. जुने प्रोग्रॅम बंद पडू नयेत म्हणून ही नावं प्रत्येक फोल्डरमध्ये राखीव ठेवली गेली. कर्ज फिटलं तरी सातबाऱ्यावर आजोबांच्या नावचा बोजा तसाच राहतो ना, तसंच झालं हे.

असा बोजा कधीतरी अंगावर येतोच. विंडोज ९५ आणि ९८ वर ‘कॉन’च्या आत ‘कॉन’ असा पत्ता उघडायला सांगितला की अख्खं मशीन कोसळायचं. २००० साली मायक्रोसॉफ्टला त्यावर दुरुस्ती काढावी लागली.

दुसरं उदाहरण ऑटोरनचं. सीडी टाकली की प्रोग्रॅम आपोआप सुरू व्हावा, ही विंडोज ९५ मधली सोय. पुढे पेनड्राइव्ह आले आणि व्हायरसवाल्यांनी तीच सोय वापरली. २००८ च्या अखेरीस पसरलेला कॉन्फिकर याही वाटेने फिरला. एक्सपी आणि व्हिस्टावर पेनड्राइव्हचं ऑटोरन बंद करणारं अपडेट सगळ्यांपर्यंत जायला २०११ उजाडलं. म्हणजे दार आधी सताड उघडं, चोरी झाल्यावर कडी!

परवानगी विचारणाऱ्या खिडकीचंही तेच. एक्सपीवर घरोघरी सगळे ॲडमिनच असायचे. २००७ मध्ये व्हिस्टा विचारू लागली, “हा बदल करू देऊ का?” लोक इतके वैतागले की विंडोज ७ मध्ये हे विचारणं कमी करावं लागलं.

हे आता का लिहितोय? बातमीच्या निमित्ताने मी बऱ्याच ऑफिसांत आणि झेरॉक्सच्या दुकानांत बसतो. “सारखं विचारतं हो” म्हणून ती खिडकी कायमची बंद केलेली, अपडेट थांबवलेली मशीन दिसतात. विंडोज १० चा नेहमीचा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तरी काम त्याच्यावरच चालू. नवं मशीन घ्यायला पैसे नसतात, ही अडचण खरीच आहे. पण त्याच मशीनवर तुमच्या-माझ्या आधारची आणि पासबुकाची स्कॅन कॉपी पडलेली असते.

तेव्हा कॉनचा फॉरवर्ड पुन्हा आला तर खुशाल हसा. पण कागद स्कॅन करून घेतल्यावर दुकानदाराला एवढं जरूर सांगा, “दादा, काम झालं, आता ती फाइल डिलीट करा. रिसायकल बिनमधूनही.”