उपाशी मधुमेह्यांची कोरी कॉफी

पोळी, भात, साखर जवळजवळ सोडून लोणी, अंडी, पनीर अशा पदार्थांवर राहायचे, हा कीटोजनक आहार वजन उतरवू पाहणाऱ्यांत आता चांगलाच परिचित झाला आहे. त्यासोबत कोरी कॉफी हवीच, असेही सांगितले जाते. ही जोडी नव्या काळाची वाटते खरी. पण तिची मुळे शोधू लागलो, तर आपण रुग्णालयातल्या सक्तीच्या उपासापर्यंत जाऊन पोहोचतो.

इन्शुलिन मिळण्यापूर्वी मधुमेह्याला आहार आवरण्यापलीकडे फारसा उपाय नव्हता. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेच्या रुग्णालयात फ्रेडरिक ॲलन यांनी १९१४ च्या सुमारास उपासाची पद्धत बसवली. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये ती कशी राबवत, हे हिल आणि एकमन यांच्या १९१५ च्या छोट्या पुस्तकात दिले आहे. पहिले दोन दिवस रुग्णाला नेहमीचे जेवण. त्यानंतर लघवीतली साखर पूर्ण जाईपर्यंत अन्न बंद! सकाळी सातपासून संध्याकाळी सातपर्यंत दर दोन तासांनी कोऱ्या कॉफीतून एक औंस, म्हणजे सुमारे तीस मिलिलिटर व्हिस्की द्यायची. व्हिस्की हे औषध नव्हे, तिने थोडे उष्मांक मिळतात आणि रुग्णाला उपास जरा सुसह्य होतो, असा खुलासाही लेखकांनी केला आहे. कॉफीतून तर उष्मांकही मिळत नव्हते. कर्बोदके जवळजवळ शून्य असलेले, गरम आणि चवीचे पेय म्हणून ती तिथे होती. उपास सुटला तरी सुरुवातीला मिळत त्या पाणी बदलून तीनदा उकळलेल्या भाज्या. उरलीसुरली कर्बोदकेही त्या पाण्याबरोबर निघून जावीत म्हणून.

या पद्धतीने कोणी बरे होत नसे, दिवस तेवढे वाढत. एलिझाबेथ ह्यूज या मुलीला १९१९ मध्ये, अकराव्या वर्षी मधुमेह झाला आणि ती ॲलन यांच्याकडे आली. ऑगस्ट १९२२ मध्ये ती टोरांटोला इन्शुलिनसाठी पोहोचली तेव्हा पंधरा वर्षांची होत आली होती आणि तिचे वजन होते ४५ पौंड, म्हणजे जेमतेम वीस किलो. पुढे ती १९८१ पर्यंत जगली.

कर्बोदके मिळेनाशी झाली की शरीर मेद जाळू लागते आणि यकृतात कीटोन द्रव्ये तयार होतात. इन्शुलिन नसलेल्या मधुमेह्यात ती बेसुमार साठून रक्त आम्लधर्मी होते, म्हणून डॉक्टर त्यांना भीत. गंमत अशी, की १९२१ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर या मधुमेहाच्याच डॉक्टरांनी हीच द्रव्ये मर्यादेत वाढवून फेफऱ्यावर उपाय करावा असे सुचवले. 'कीटोजनक आहार' हे नाव त्यांचेच. उपासाने झटके कमी होतात हे दिसले होते. उपाशी न ठेवता तोच परिणाम साधायचा होता. त्याच संस्थेतल्या पीटरमन यांनी मुलांसाठी प्रमाण ठरवले: वजनाच्या दर किलोमागे एक ग्रॅम प्रथिने, दिवसाला १० ते १५ ग्रॅम कर्बोदके आणि बाकी सगळे स्निग्ध.

या आकड्याशेजारी आपला नेहमीचा कप ठेवून पाहू. दीडशे मिलिलिटर कॉफीत निम्मे दूध धरले, तर त्यातली दुग्धशर्करा साडेतीन ग्रॅमच्या आसपास भरते. दोन चमचे साखर म्हणजे आणखी आठ ते दहा ग्रॅम. एका कपातच दिवसाचा बहुतेक कोटा संपला! (वर्गात हे गणित जरूर घालावे, मुले दुधाची साखर हमखास विसरतात.) कोऱ्या कॉफीला या आहारात जागा मिळाली ती अशी, वजाबाकीने.

अलीकडे मात्र तिच्याकडून जास्त अपेक्षा केल्या जातात. अमेरिकेतल्या डेव्ह ॲस्प्री यांनी २००९ पासून लोणी घातलेल्या कॉफीचा प्रचार केला. कल्पना तिबेटातल्या लोण्याच्या चहावरून सुचली, असे ते सांगतात. तिबेटी माणूस त्याच चहात सातूचे भाजलेले पीठ कालवून खातो, हे त्यात राहून गेले. कॉफीने कीटोन वाढतात का, याचे मोजमाप कॅनडातल्या शेरब्रुक विद्यापीठात झाले आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. दहा निरोगी प्रौढांना न्याहारीबरोबर वजनाच्या दर किलोमागे अडीच किंवा पाच मिलिग्रॅम कॅफीन दिले. रक्तातली कीटोन द्रव्ये अनुक्रमे ८८ आणि ११६ टक्क्यांनी वाढली. आकडे डोळ्यांत भरतात. पण मूळ पातळीच इतकी थोडी, की ही वाढ रात्रीच्या उपासाने होते त्याच्या दुपटीइतकीच. शिवाय हा प्रयोग काही तासांचा होता. वजन उतरते का, हा प्रश्न त्यात विचारलेलाच नव्हता.

मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्याने कर्बोदके एकदम तोडली तर साखर धोकादायकरीत्या उतरू शकते, आणि काही औषधांबरोबर रक्त आम्लधर्मीही होऊ शकते. हा आहार त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये, मग कॉफी कोरी असो वा लोण्याची.