शर्यतीची व सफरीची शिडनौका

शर्यतीची शिडनौका आणि सफरीची शिडनौका हे वाऱ्याच्या बळावर चालणाऱ्या आधुनिक क्रीडानौकांचे (यॉट) दोन प्रमुख प्रकार होत. पहिल्या प्रकारात वेगाला प्राधान्य असते. दुसऱ्या प्रकारात समुद्रावर दीर्घकाळ राहण्याची सोय आणि थोड्या माणसांनी नौका हाताळता येणे या गोष्टींना महत्त्व दिले जाते. वजन, तळाचा आकार व शिडांचे क्षेत्रफळ परस्परांवर अवलंबून असल्याने दोन्ही गुण एकाच नौकेत पूर्णांशाने साधता येत नाहीत. म्हणून नौका निवडताना तिचा प्रत्यक्ष उपयोग कोणता, हा प्रश्न प्रथम येतो.

रचनेतील फरक

शर्यतीच्या नौकेचे कवच हलके असते. तिच्या तळाखाली अरुंद व खोल कील असून वजन बहुधा तिच्या टोकाशी गोळ्याच्या रूपात एकवटलेले असते. डोलकाठी उंच असते व महागड्या नौकांत ती कार्बन तंतूंची बनवतात. शिडे ताणली न जाणाऱ्या थरयुक्त कापडाची असतात. ती आकार चांगला राखतात, परंतु डेक्रॉनच्या शिडांपेक्षा लवकर निकामी होतात.

सफरीच्या नौकेची कील तुलनेने उथळ व लांब असते, त्यामुळे उथळ बंदरात शिरणे सोपे जाते आणि नौका आपली दिशा धरून राहते. पाण्याच्या व डिझेलच्या टाक्या, स्वयंपाकाची जागा, जड नांगर व साखळी, पुढचे शीड गुंडाळून घेणारी योजना आणि स्वयंचलित सुकाणू ही तिची नेहमीची साधने होत.

वजन व वेग

पाणी कापत चालणाऱ्या नौकेचा वेग तिच्या पाणरेषेच्या लांबीने मर्यादित होतो. पाणरेषेच्या फुटांतील लांबीचे वर्गमूळ काढून त्यास १.३४ ने गुणले असता ही मर्यादा नॉटमध्ये ढोबळमानाने मिळते. त्यानुसार २५ फूट पाणरेषेसाठी ती ६.७ नॉट, तर ३६ फुटांसाठी सुमारे ८ नॉट येते. हलक्या व सपाट तळाच्या नौका जोराच्या वाऱ्यात पाण्यावर उचलल्या जाऊन ही मर्यादा ओलांडतात. जड नौकांना ते सहसा शक्य होत नाही. मात्र हलक्या नौकेत महिनाभराचे पाणी, इंधन व शिधा भरला की ती खोल बसते आणि ज्या वेगासाठी ती घेतली तोच घटतो.

खलाशी

शर्यतीत खलाशी हे नौकेच्या समतोलाचाही भाग असतात. वाऱ्याकडील कडेवर बसून ते तिचा झुकाव कमी करतात. जे/२४ या २४ फुटी नौकेवर शर्यतीत साधारणतः पाच जण असतात. सफरीची नौका मात्र अनेकदा दोघेच चालवतात व त्यांतील एक जण झोपलेला असतो. मोठे शीड चार जणांना हाताळता येत असले, तरी रात्री एकट्या पहारेकऱ्याला ते धोक्याचे ठरू शकते.

स्थैर्य व सुरक्षितता

ऑगस्ट १९७९ मधील फास्टनेट शर्यतीत ३०३ नौका उतरल्या होत्या. वादळात १५ स्पर्धक मृत्युमुखी पडले आणि २४ नौका खलाशांनी सोडून दिल्या. चौकशीत नौकांच्या स्थैर्याचा प्रश्न पुढे आला. तत्कालीन मापननियमांचा लाभ मिळावा म्हणून बांधलेल्या काही रुंद व हलक्या नौका उलटल्यावर लगेच सरळ होत नव्हत्या. सर्वांत लहान गटातून ‘असेंट’ ही काँटेसा ३२ प्रकारची एकच नौका शर्यत पूर्ण करू शकली. सोडून दिलेल्या नौकांपैकी बहुतेक पुढे तरंगत्या सापडल्या, त्यामुळे नौका बुडत नाही तोवर ती न सोडण्याचा धडाही या घटनेने दिला.

युरोपीय संघाच्या नियमांनुसार क्रीडानौकांचे अ ते ड असे चार वर्ग आहेत. ‘ब’ वर्ग बोफर्ट ८ पर्यंतच्या वाऱ्यासाठी व ४ मीटर उंचीपर्यंतच्या लाटांसाठी असतो. त्याहून कठीण सागरी परिस्थितीसाठी ‘अ’ वर्ग आहे.

भारताशी संबंध

एकट्याने न थांबता केलेली पहिली पृथ्वीप्रदक्षिणा रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी मुंबईत सागवानात बांधलेल्या ‘सुहैली’ या ३२ फुटी नौकेतून केली. १९६८-६९ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत नऊ स्पर्धक होते. ३१२ दिवसांनी परतलेली ही संथ नौकाच शर्यत पूर्ण करणारी एकमेव ठरली.

व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांच्या प्रेरणेने भारतीय नौदलाने सागर परिक्रमा मोहीम हाती घेतली. तिच्यासाठी गोव्यात रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ५६ फुटी ‘म्हादेई’ बांधण्यात आली. तिच्यातून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये चार थांबे घेत, तर अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली.

जड बांधणी हीसुद्धा सुरक्षिततेची पूर्ण हमी नव्हे. सप्टेंबर २०१८ मध्ये सुहैलीच्या धर्तीवर गोव्यात बांधलेल्या ‘थुरिया’ची डोलकाठी दक्षिण हिंदी महासागरातील वादळात मोडली. पाठीला गंभीर दुखापत झालेल्या टॉमी यांची फ्रेंच गस्ती जहाजाने सुटका केली. पुढील गोल्डन ग्लोब शर्यतीत त्यांनी रस्टलर ३६ या सफरीच्या नौकेतून दुसरे स्थान मिळवले.

निवडीचे निकष

किनाऱ्याजवळील साप्ताहिक शर्यती, नियमित सहकारी आणि शिडे वारंवार बदलण्याची ऐपत असेल, तर शर्यतीची नौका योग्य ठरते. कुटुंबासह मुक्कामाच्या सफरी किंवा महासागरी प्रवासासाठी सफरीची नौका सोयीची असते. दोन्हींच्या मधला शर्यत-सफरी हा मिश्र प्रकारही प्रचलित आहे. आयआरसीसारख्या वेळ-सवलतीच्या पद्धतींमुळे अशा नौका वेगवान नौकांसह एकाच शर्यतीत उतरू शकतात. जुनी शर्यती नौका कमी किमतीत मिळाली, तरी नवी शिडे, दोर व कीलच्या जोडाची तपासणी यांचा खर्च खरेदीपूर्वीच हिशेबात धरावा लागतो.