परवचा आणि एकट्याचा पाठ

पंतोजींच्या शाळेत लेखणीपेक्षा वाणीचे राज्य मोठे होते. धूळपाटीवर बोटाने गिरविलेले अक्षर क्षणात पुसले जाई, परंतु पावकी, निमकी, सवायकी, दिडकी एका मुलाने सांगावी आणि साऱ्या शाळेने त्याच्यामागून एका सुरात म्हणावी, हा परवच्याचा परिपाठ पिढ्यान्‌पिढ्या चालला. तोतरे बोलणारा मनुष्य इतरांच्या सुरात सूर मिसळून बोलू लागला की त्याची वाणी बहुधा अस्खलित चालते, हे आता वाचाशास्त्राने निश्चित केले आहे. तेव्हा एकट्याने उभे राहून स्वतःचे नावही धड न सांगू शकणारा मुलगा परवच्याच्या घोषात चारचौघांसारखाच बोलत असला पाहिजे. अशा मुलासाठी छडीचा धाक आणि घरी जिभेला वेखंड, याहून निराळी तजवीज नव्हती. त्या घोषात जो आसरा मिळाला तो अभावितपणे.

१८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर मुंबई इलाख्यात विद्याखाते स्थापन झाले, आणि अनुदान देण्यापूर्वी एकेका विद्यार्थ्याची पृथक् परीक्षा घेण्याचा दंडक पुढे रूढ झाला. शाळा तपासायला येणाऱ्या डिपोटीसाहेबांसमोर एकट्याने वाचून दाखविण्याच्या या पद्धतीत, उत्तर ठाऊक असूनही वेळेवर न उमटलेला शब्द अज्ञानाच्या खाती जमा होणे ओघानेच आले.

पाश्चात्त्य देशांत मात्र उपायही शाळेच्याच अंगणात निघाला. १८४१ साली बर्लिनचा शल्यवैद्य डीफेनबाख तोतऱ्यांच्या जिभेवर शस्त्र चालवीत होता. परंतु त्याच शहरात मूकबधिरांचे शिक्षक आल्बर्ट गुट्समान यांनी १८७९ मध्ये श्वास, स्वर आणि उच्चार यांच्या अभ्यासक्रमाचा ग्रंथ प्रसिद्ध केला व शिक्षकांना त्या कामी तयार केले. १९१० च्या सुमारास शिकागोच्या सार्वजनिक शाळांनी अशा मुलांसाठी स्वतंत्र शिक्षक नेमले. वाचेच्या याच अभ्यासाच्या नावाखाली १९३९ साली आयोवातील एका अनाथाश्रमात २२ मुलांवर जो प्रयोग झाला तो निंद्य खराच. नीट बोलणाऱ्या काही मुलांना ‘तुमची वाणी सदोष आहे’ असे वारंवार सांगण्यात आले, आणि ती तोतरी झाली नाहीत तरी बोलायलाच कचरू लागली. वडीलधाऱ्यांच्या शब्दाचा भार मुलाच्या जिभेवर किती पडतो, याचा तो क्रूर दाखला होय. १९७५ च्या अमेरिकन कायद्याने अखेरीस प्रत्येक अपंग मुलासाठी, आणि त्यांत वाचादोष असणाऱ्यांसाठीही, पालकांच्या सहभागाने लेखी योजना आखण्याचे उत्तरदायित्व शाळेवर टाकले.

आपल्याकडे १९६५ मध्ये म्हैसूरला वाक्‌श्रवण संस्था उभी राहिली, त्याच सुमारास मुंबईच्या नायर रुग्णालयात वाचोपचाराचे शिक्षण सुरू झाले. म्हणजे उपचार आला तो दवाखान्याच्या दाराने. अपंगांच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्याने वाचा व भाषा यांचे अपंगत्व मान्य केले, तथापि त्याच्या व्याख्येतील शारीरिक व मज्जासंस्थेच्या कारणांत बालपणापासूनचा तोतरेपणा बसविणे सोपे नाही. म्हणून तोंडी परीक्षेत थोडा अधिक अवधी, पाठ एकट्याऐवजी जोडीने वाचण्याची मुभा आणि शब्द मध्येच पुरा न करण्याचा संयम, या सवलती आजही वर्गशिक्षकाच्या मर्जीवर अवलंबून आहेत. ज्या शाळेने मुलाला एकट्याने बोलायला उभे केले, तिने त्याचे बोलणे पुरे होईपर्यंत थांबण्याचा नियमही आपल्या दप्तरी नोंदविला पाहिजे.