थेंबाची निर्मिती आणि थेंबाचे स्थैर्य : एक ऐतिहासिक विवेचन

द्रवाचा सूक्ष्म थेंब निर्माण करणे आणि निर्माण झालेला थेंब टिकविणे ह्या दोन भिन्न समस्या होत. पहिलीचे उत्तर प्रामुख्याने यामिकीने दिले, दुसरीचे पृष्ठरसायनाने. सूक्ष्मवाहिकांतील थेंबांचा इतिहास सांगताना मात्र वाहिकांच्या रचनेचीच महती विशेष गायिली जाते आणि स्थैर्याचा प्रश्न तळटीपेत जातो. ही विभागणी न्याय्य आहे काय, हे पाहण्यासाठी थेंबाला किती काळ जगावयाचे आहे, हा प्रश्न प्रथम विचारला पाहिजे.

कोल्हापुरातील संशोधनाचे उदाहरण ह्या दृष्टीने उद्बोधक आहे. १९६२ साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात स्प्रे पायरॉलिसिस ह्या पद्धतीने पदार्थांचे पातळ थर तयार करण्याचे काम दीर्घकाळ झाले. ह्या विभागातील प्रा. पी. एस. पाटील यांनी १९९९ साली ह्या पद्धतीचा विस्तृत आढावा प्रसिद्ध केला. क्षाराच्या द्रावणाचा बारीक फवारा तप्त काचपट्टीवर सोडला असता द्रावक उडून जातो, क्षाराचे विघटन होते आणि पट्टीवर थर जमतो. थेंब फार मोठा असेल तर तो ओलाच आदळून थर बिघडवितो; फार लहान असेल तर वाटेतच सुकून त्याची भुकटी होते. म्हणजे येथे थेंबाच्या आकाराला पराकाष्ठेचे महत्त्व आहे. परंतु नळी ते पट्टी एवढाच त्याचा प्रवास असल्याने त्याला टिकविण्याची चिंता नाही. ही पहिल्या समस्येची जवळजवळ शुद्ध अवस्था होय.

ह्या समस्येचा पाया एकोणिसाव्या शतकात घातला गेला. फेलिक्स साव्हार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८३३ साली छिद्रातून पडणारी धार कशी तुटते, याचे बारकाईने निरीक्षण केले; परंतु तुटण्याचे कारण त्याला उलगडले नाही. बेल्जियममधील जोसेफ प्लातो याने ते पृष्ठताणात शोधले. द्रवाच्या दंडगोलाची लांबी त्याच्या परिघाहून अधिक झाली की तो अस्थिर होतो, असे त्याने दाखविले. लॉर्ड रॅले याने १८७८ साली ह्या विवेचनात काळाचा विचार आणला. सर्वच विक्षोभ सारख्या वेगाने वाढत नाहीत. धारेच्या व्यासाच्या सुमारे साडेचारपट तरंगलांबीचा विक्षोभ सर्वांत त्वरेने वाढतो आणि थेंबाचा आकार तोच ठरवितो. धार तुटते ती निसर्गनियमाने. माणसाने करावयाचे ते एवढेच की तिला नेमस्तपणे तुटू द्यावे.

फवारा आणि सूक्ष्मवाहिका यांना जोडणारा दुवा १९९८ साली सापडतो. स्पेनमधील सेव्हिल येथे गान्यान-काल्व्हो याने वायूच्या प्रवाहाने द्रवाची धार चोहोंकडून आवळून अरुंद छिद्रातून नेली आणि सारख्या आकाराचे सूक्ष्म थेंब मिळविले. हेच तत्त्व अॅना, बोंतू आणि स्टोन यांनी २००३ साली वाहिकांत आणले. वायूच्या जागी तेल आले. तत्पूर्वी २००१ साली कॅलिफोर्नियात थॉर्सन, क्वेक आणि त्यांचे सहकारी यांनी इंग्रजी टी अक्षराच्या आकाराच्या संगमावर तेलाच्या प्रवाहाकडून पाण्याचे थेंब तोडून घेतले होते. अशा संगमावर, प्रवाह मंद असताना, शिरणारे पाणी वाहिका अडविते, मागील तेलाचा दाब वाढतो आणि तो पाण्याची मान तोडतो. थेंबाची लांबी मुख्यतः दोन प्रवाहांच्या गुणोत्तरावर अवलंबून राहते, हे २००६ साली गार्स्टेकी आणि सहकाऱ्यांनी स्पष्ट केले.

येथपर्यंतची कथा यामिकीची आहे. परंतु वाहिकेतील थेंब पट्टीवर पडून संपत नाही. त्याला परीक्षानलिकेचे काम करावयाचे असते. त्याच्या पोटात तास-दोन तास रासायनिक क्रिया चालावयाची असते. १ मिलिलिटर पाण्याचे १०० मायक्रोमीटर व्यासाचे थेंब केले तर ते सुमारे १९ लाख होतात. त्याच पाण्याच्या एकाच गोल थेंबाच्या मानाने पृष्ठभाग सुमारे १२४ पट होतो. एवढा पृष्ठभाग बाळगणे ऊर्जेच्या दृष्टीने खर्चाचे असल्याने थेंबांचा ओढा पुन्हा एक होण्याकडेच असतो.

त्यांना परस्परांपासून दूर ठेवण्याची विद्या वाहिकांहून बरीच जुनी आहे. रॅम्सडेन याने १९०३ साली आणि पिकरिंग याने १९०७ साली घन कणांच्या वेष्टनाने पायस टिकते, हे दाखविले. पायसकारक ज्या द्रवात अधिक विरघळतो तो द्रव बाहेर राहतो, हा नियम बॅन्क्रॉफ्टने १९१३ साली मांडला. पृष्ठक्रियाशील द्रव्याचे कार्य केवळ पृष्ठताण कमी करण्याचे नव्हे. दोन थेंब जवळ आले की मधले तेल बाहेर सरते आणि पृष्ठावरील रेणूंनाही ओढून नेते. रेणू विरळ झालेल्या जागी ताण वाढतो. तो पृष्ठाला आणि तेलाला परत खेचतो. ह्या परिणामास मारांगोनीचे नाव आहे.

२००१ च्या प्रयोगातही तेलात स्पॅन ८० हे असे द्रव्य मिसळलेले होते. त्याचा उल्लेख मात्र क्वचित होतो. जैव प्रयोगांसाठी अशी सामान्य द्रव्ये पुरेशी ठरली नाहीत; थेंबातील प्रथिने पृष्ठाला चिकटत. फ्लोरिनयुक्त तेलात सेंद्रिय रेणू फारसे विरघळत नाहीत आणि प्राणवायू मात्र चांगला विरघळतो, म्हणून ते तेल पसंत पडले. परंतु त्याला साजेसे द्रव्य हवे होते. २००८ साली होल्झ आणि सहकाऱ्यांनी ते घडविले : फ्लोरिनयुक्त शेपट्या तेलाकडे, पॉलिएथिलीन ग्लायकॉलचा निरुपद्रवी भाग पाण्याकडे. २०११ साली एका नमुन्याचे सुमारे २०,००० थेंब करून त्यांतील डीएनएची गणना करण्यात आली. प्रत्येक थेंब तापविण्या-थंड करण्याच्या अनेक आवर्तनांतून अभंग राहिला तरच अशा गणनेला अर्थ असतो.

सारांश, वाहिकेने थेंबाला आकार दिला आणि रसायनाने आयुष्य दिले. काचपट्टीवरील थराला आकार पुरेसा होता. परीक्षानलिका होऊ पाहणाऱ्या थेंबाला तो पुरत नाही. म्हणून ह्या शाखेचा इतिहास लिहिताना संगमाच्या रचनेइतकेच स्थान तेल आणि पृष्ठक्रियाशील द्रव्य यांस द्यावे लागेल. ह्या विषयात नव्याने पाऊल टाकणाऱ्या प्रयोगशाळेनेही वाहिका कोरण्याआधी थेंब किती काळ टिकावयास हवा, हे ठरविणे इष्ट होय.