मनसराजाचे थडगे आणि अनामिक हरिणे

जगद्गुरू हीरविजयसूरी आणि बादशहा अकबर यांच्या भेटीची कथा आपण सर्वांनी लहानपणापासून पर्युषणातील व्याख्यानांत ऐकली आहे. मात्र ज्या दरबारात त्या महापुरुषाने अहिंसेचा शब्द उच्चारला, तेथील शिकार प्रत्यक्षात कशी चाले, याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. ते जाणल्याशिवाय त्या शब्दाचे मोल पुरते ध्यानात येत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

मोगलांची आवडती शिकार म्हणजे काळवीट. हा नर माजावर आला की त्याची कांती काळीभोर होते. माळरानाचा एक तुकडा तो आपला मानतो, लेंड्यांचे ढीग घालून त्याची हद्द राखतो आणि दुसरा नर दिसताच त्याच्या अंगावर धावून जातो. एरवी दुरून माणसाची चाहूल लागताच उधळणारा हा सावध प्राणी त्या दिवसांत आपले सावधपण विसरतो. शिकाऱ्यांनी नेमके हेच हेरले. त्याच्या मागे धावण्याचे कारण नव्हते. आडोशाला लपून बसले की पुरे होते.

अबुल फजलच्या ‘ऐन-ए-अकबरी’त या युक्तीचे वर्णन आहे. शिकवून तयार केलेल्या पाळीव नराच्या शिंगांना जाळे बांधून त्याला मोकळे सोडीत. रानातील नर त्याला प्रतिस्पर्धी समजून झुंजीस येई. झुंजीत त्याचे शिंग, पाय वा कान जाळ्यात अडके आणि दबा धरून बसलेली माणसे धावत येऊन त्याला पकडीत. हरिणाकडूनच हरिणाचा घात करविणारी ही विद्या होती.

अशाच एका पाळीव हरिणाचे नाव इतिहासात राहिले आहे. जहांगीरचा मनसराज पाळीव हरिणांशी झुंजण्यात आणि रानटी हरिणे पकडून देण्यात अद्वितीय होता, असे बादशहाने आपल्या आत्मचरित्रात लिहिले आहे. तो मेला तेव्हा लाहोरजवळ, आजच्या पाकिस्तानातील शेखुपुरा येथे, बादशहाने त्याच्या थडग्यावर हरिणाच्या आकाराचा दगड बसविला, मनोरा उभारला आणि त्या माळावरील हरिणांची शिकार कोणी करू नये, असा हुकूम काढला. ही गोष्ट १६०७ च्या सुमाराची. ‘हिरन मिनार’ या नावाने तो मनोरा आजही उभा आहे.

याच बादशहाने आपल्या शिकारीचा हिशेबही मांडून ठेवला आहे. वयाच्या बाराव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंत त्याच्या समक्ष २८,५३२ जीव मारले गेले. त्यांपैकी १७,१६७ त्याने स्वतःच्या हाताने टिपले. त्यांत ३,२०३ चतुष्पाद होते, उरलेले पक्षी. आयुष्यभर चोपड्या लिहिलेल्या माझ्यासारख्या व्यापाऱ्याला हे आकडे वाचून काही क्षण पुढे वाचवेना. एका बाजूस एक थडगे आणि दुसऱ्या बाजूस हे हजारो जीव!

आता हीरविजयसूरींच्या कार्याकडे वळू. येथे हिशेब चोख ठेवणे आपले कर्तव्य आहे. सूरीजींमुळेच अकबराच्या मनात शिकारीविषयी प्रथम विरक्ती उपजली, असे कधी कधी सांगितले जाते. परंतु १५७८ साली पंजाबात भेरा येथे जनावरांना चहूबाजूंनी घेरून चाललेली प्रचंड शिकार अकबराने एकाएकी थांबविली होती. सूरीजी गुजरातेतील गंधारहून पायी विहार करीत फतेहपूर सिक्रीस पोहोचले ते १५८३ साली, म्हणजे त्यानंतर पाच वर्षांनी. ती रक्कम आपल्या खात्यावर जमा करता येत नाही. सूरीजींचे कार्य वेगळे आणि माझ्या मते अधिक मोठे आहे. बादशहाच्या मनात क्षणभर उमटलेल्या करुणेला त्यांनी तिथीचे बंधन दिले. पर्युषणाच्या दिवसांत जीवहत्या होऊ नये असे फर्मान निघाले. पुढे १६१० साली जहांगीरच्या काळातही तसेच फर्मान निघाले, आणि आग्र्याच्या संघाने चित्रकार शालिवाहनाच्या हातून तो प्रसंग विज्ञप्तिपत्रात चितारून घेतला.

थडगे आणि फर्मान यांतील भेद येथे आहे. मनसराजाला नाव होते, तो बादशहाच्या हातचे खात होता. त्याच्यासाठी डोळ्यांत पाणी आले हे माणुसकीला धरूनच झाले. फर्मानाने ज्यांना अभय दिले त्या जीवांना नावे नव्हती. भगवान नेमिनाथांनी लग्नमंडपाच्या वाटेवरून रथ वळविला तोही कोंडवाड्यातील अनोळखी पशूंच्या आक्रोशाने. ओळखीच्या जिवावर दया करणे ही माया. अनोळखी जिवाला अभय देणे ही अहिंसा.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळविटाला अभय दिले आहे. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात रेहेकुरी येथे १९८० पासून काळविटांचे अभयारण्य आहे. तेथे आजही माणसे आडोशाला बसून माजावर आलेल्या नरांची झुंज पाहतात; झुंज संपते आणि दोन्ही नर आपापल्या वाटेने निघून जातात. त्यांना कोणी नावे दिलेली नाहीत. तशी गरजही नाही.