पाचव्या वर्षाचा सतरा ऑगस्ट

इंडोनेशियाचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा जेमतेम दोन वाक्यांचा आहे. पहिल्या वाक्यात इंडोनेशियाचे लोक आपलं स्वातंत्र्य जाहीर करतात. दुसऱ्यात सत्तांतर वगैरे बाबी काळजीपूर्वक आणि लवकरात लवकर पार पाडल्या जातील, एवढंच म्हटलं आहे. अनुवाद करणाऱ्याचं लक्ष आधी जातं ते त्या 'वगैरे'कडे. मूळ मजकुरात तो संक्षेपाने, तीन अक्षरांत उरकलेला आहे. पुढची चार वर्षं, दोन मोठ्या लष्करी मोहिमा आणि हजारो माणसांचे मृत्यू त्या 'वगैरे'मध्ये बसवावे लागले.

दुसरं लक्ष जातं तारखेकडे. टंकलिखित प्रतीवर 'दिवस १७, महिना ८, वर्ष ०५' असं आहे. हे ०५ म्हणजे जपानी शाही गणनेतलं २६०५, आपलं १९४५. जपानने १५ ऑगस्टला शरणागती जाहीर केली होती, पण जकार्तात कालगणना अजून जपानचीच चालू होती. १६ ऑगस्टच्या रात्री अ‍ॅडमिरल माएदा या जपानी नौदल अधिकाऱ्याच्या घरी सुकार्नो, हत्ता आणि सुबार्जो यांनी मसुदा जुळवला. सुकार्नोंनी तो हाताने लिहिला, सायुती मेलिक यांनी टाइप केला. टाइप करताना एक महत्त्वाचा बदल झाला. हस्तलिखितात शेवटी 'इंडोनेशियन जनतेचे प्रतिनिधी' असं होतं, त्याजागी 'इंडोनेशियन जनतेच्या वतीने' असं आलं आणि खाली सुकार्नो व हत्ता अशा दोनच सह्या झाल्या. टाकून दिलेलं हस्तलिखित बी. एम. दिआ या पत्रकाराने जपून ठेवलं, म्हणून ही खाडाखोड आज आपल्याला वाचता येते. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास सुकार्नोंनी आपल्या घरासमोर तो कागद वाचला. वार शुक्रवार होता आणि रमजान चालू होता.

म्हणजे स्वातंत्र्य जाहीर झालं ते एका साम्राज्याचं राज्य संपताना, दुसरं परत येण्याआधी, आणि संपत आलेल्या साम्राज्याच्या पंचांगानुसार. तरीही इंडोनेशियासाठी तारीख ठरली ती तीच.

नेदरलँड्सच्या लेखी तारीख वेगळी होती: २७ डिसेंबर १९४९. त्या दिवशी अ‍ॅमस्टरडॅमच्या राजवाड्यात राणी युलियाना यांनी दस्तऐवजावर सही केली. डच भाषेत या घटनेला 'सार्वभौमत्वाचं हस्तांतरण' म्हणतात. इंडोनेशियन भाषेत तिला सार्वभौमत्वाला मिळालेली 'मान्यता' म्हणतात. हस्तांतरण करायचं तर वस्तू आधी देणाऱ्याच्या हातात असावी लागते. मान्यता द्यायची तर ती आधीच समोरच्याकडे असावी लागते. समारंभ एक, कागद एक, पण या दोन शब्दांच्या मधल्या चार वर्षांत देश कोणाचा होता, हा प्रश्न प्रत्येक शब्द आपल्या परीने सोडवून टाकतो.

हा निव्वळ शब्दच्छल नाही, हे रावागदे या गावावरून कळतं. ९ डिसेंबर १९४७ रोजी पश्चिम जावातल्या या गावात एका बंडखोर नेत्याच्या शोधात डच सैनिक आले. तो सापडला नाही, तेव्हा त्यांनी गावातले पुरुष वेगळे काढले आणि गोळ्या घातल्या. इंडोनेशियाचा आकडा ४३१ मृतांचा आहे, डच बाजूचा १५०. डच तारखेप्रमाणे हे पुरुष डच भूमीवरचे रहिवासी होते आणि घडलं ते सरकारच्या अंतर्गत बंदोबस्तात. इंडोनेशियाच्या तारखेप्रमाणे ते दुसऱ्या देशाचे नागरिक होते आणि परकी सैन्य त्यांच्या गावात शिरलं होतं. मृतांच्या विधवांनी लावलेल्या दाव्यात १४ सप्टेंबर २०११ रोजी हेगच्या न्यायालयाने डच सरकारला जबाबदार धरलं. प्रकरण मुदतबाह्य झाल्याचा सरकारचा बचाव न्यायालयाने फेटाळला. त्याच वर्षी ९ डिसेंबरला डच राजदूताने गावात येऊन माफी मागितली. तेव्हा त्या घटनेला ६४ वर्षं झाली होती.

१९४७ आणि १९४८ सालच्या त्या दोन मोठ्या मोहिमांना डच सरकारने नाव दिलं होतं 'पोलीस कारवाई'. लष्कर, रणगाडे, विमानं वापरूनही ती लढाई म्हणायची नव्हती, कारण लढाई दुसऱ्या देशाशी होते आणि दुसरा देश आहे हेच मान्य नव्हतं.

हा शब्द मराठी वाचकाला अनोळखी नाही. मराठवाड्यात जुन्या माणसांच्या बोलण्यात 'रझाकारी' आणि 'पोलीस अ‍ॅक्शन' हे शब्द जोडीने येतात. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरलं, १७ सप्टेंबरला निजामाने शस्त्रं खाली ठेवली. कारवाई लष्कराची होती, नाव पोलिसांचं होतं, आणि त्यामागचा तर्कही तोच होता: हा घरातला प्रश्न आहे. हेतू आणि परिस्थिती यांत मात्र जमीन-अस्मानाचा फरक होता. जावात परतू पाहणारी वसाहतवादी सत्ता होती. हैदराबादेत स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसचा लढा चालू होता आणि कासिम रझवीच्या रझाकारांनी गावंच्या गावं हैराण केली होती. पण शब्द सारखा असला की तो एक गोष्ट सारखीच करतो: आत काय घडलं याची मोजदाद तो लांबणीवर टाकतो. पोलीस अ‍ॅक्शनच्या वेळी आणि नंतर मुस्लिम वस्त्यांवर झालेल्या हिंसाचाराची पाहणी करायला केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. समितीचा सावध अंदाज २७ ते ४० हजार मृत्यूंचा होता, आणि सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद व नांदेड होते. तो अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आला नाही.

काळाचा क्रमही पाहण्यासारखा आहे. हैदराबादनंतर तीनच महिन्यांनी, १९ डिसेंबर १९४८ रोजी, डचांनी दुसरी 'पोलीस कारवाई' सुरू केली आणि सुकार्नो व हत्ता यांना अटक केली. तिच्या निषेधासाठी नेहरूंनी जानेवारी १९४९ मध्ये नवी दिल्लीत आशियाई देशांची परिषद बोलावली. त्याआधी, जुलै १९४७ मध्ये, बिजू पटनायकांनी स्वतः विमान चालवत सुतान शाहरीर यांना डचांच्या वेढ्यातून बाहेर आणलं होतं. भारत-इंडोनेशिया मैत्रीची भाषणं सहसा इथून सुरू होतात.

पण या मैत्रीच्या आधीचं एक पान आहे. ऑक्टोबर १९४५ मध्ये सुराबाया बंदरात जपान्यांना नि:शस्त्र करायला ब्रिटिशांनी जी ४९वी ब्रिगेड उतरवली ती भारतीय होती, आणि तिच्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या दोन बटालियन होत्या. ३० ऑक्टोबरला ब्रिगेडियर मॅलबी मारला गेला. १० नोव्हेंबरला ब्रिटिशांनी शहरावर मोठा हल्ला केला, तोही भारतीय सैन्याच्या बळावर. इंडोनेशियात १० नोव्हेंबर हा वीरदिन म्हणून पाळला जातो. म्हणजे त्यांच्या दिनदर्शिकेतल्या या दिवशी समोरच्या बाजूला आपल्या गावांतली पोरं उभी होती: गुलाम देशाचे सैनिक, नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशाविरुद्ध. काही भारतीय सैनिक बाजू बदलून इंडोनेशियनांना जाऊन मिळाले, पण बहुतेकांनी हुकूम पाळला. आपल्याकडे १० नोव्हेंबर ही साधी तारीख आहे.

स्वतः जाहीर केलेली तारीख आणि दुसऱ्याने दिलेली तारीख, असा पेच अनेक देशांपुढे आला. फिलिपिन्सने १२ जून १८९८ रोजी स्पेनपासून स्वातंत्र्य जाहीर केलं. त्याच वर्षी स्पेनने तो देश दोन कोटी डॉलर्सना अमेरिकेला देऊन टाकला. अमेरिकेने अखेर स्वातंत्र्य दिलं ते ४ जुलै १९४६ ला, स्वतःच्याच स्वातंत्र्यदिनी. १९६२ मध्ये राष्ट्राध्यक्ष माकापागाल यांनी स्वातंत्र्यदिन पुन्हा १२ जूनवर नेला. भारताने वेगळा मार्ग काढला. १९३० पासून काँग्रेस २६ जानेवारी हा स्वातंत्र्यदिन म्हणून पाळत होती. माउंटबॅटन यांनी १५ ऑगस्ट ही तारीख निवडली, कारण तो जपानच्या शरणागतीचा वर्धापनदिन होता. १९५० मध्ये राज्यघटना अमलात आणताना आपण २६ जानेवारी परत मिळवली. त्या पहिल्या प्रजासत्ताकदिनाला पाहुणे म्हणून आले होते सुकार्नो.

नेदरलँड्सची भूमिका हळूहळू बदलली. २००५ मध्ये परराष्ट्रमंत्री बेन बोत यांनी १७ ऑगस्ट १९४५ ही तारीख राजकीय आणि नैतिक अर्थाने स्वीकारली. २०२० मध्ये राजे विलेम-अलेक्झांडर यांनी जकार्तात त्या काळातल्या अतिरेकी हिंसेबद्दल माफी मागितली. २०२३ मध्ये पंतप्रधान मार्क रुट यांनी ती तारीख आपल्याला पूर्णपणे आणि विनाअट मान्य असल्याचं संसदेत सांगितलं. दोन वाक्यांच्या एका कागदाची तारीख वाचायला ७८ वर्षं लागली. या वाचनात इंडोनेशियाच्या वाट्यालाही अवघड पानं आहेत. १७ ऑगस्टनंतरच्या महिन्यांत डच, मिश्रवंशीय आणि चिनी कुटुंबांची कत्तल झाली. तिची आठवण डच घरांत जागी राहिली, इंडोनेशियाच्या उत्सवात तिला फारशी जागा नाही.

आपल्याकडे १७ सप्टेंबरला आज तीन भाषांत वेगवेगळी नावं आहेत. महाराष्ट्रात तो मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन आहे, कर्नाटकात कल्याण कर्नाटक उत्सव. तेलंगणात २०२२ मध्ये केंद्र सरकारने त्याला मुक्तिदिन म्हटलं, राज्य सरकारने राष्ट्रीय एकात्मता दिन. २०२४ मध्ये नव्या राज्य सरकारने प्रजापालन दिन. यांतलं कुठलं नाव बरोबर, हा वाद दरवर्षी नेमाने होतो. त्यापेक्षा प्रत्येक नाव कोणाला आत घेतं आणि कोणाला दाराबाहेर ठेवतं, याची यादी करणं जास्त उपयोगाचं आहे. मुक्तिसंग्राम म्हटलं की स्वामीजी आणि रझाकारांनी मारलेले गावकरी आत येतात, आणि ते यायलाच हवेत. सुंदरलाल समितीने मोजलेली माणसं मात्र कोणत्याच भाषेतल्या नावात येत नाहीत. ती अजून 'वगैरे'मध्येच आहेत.